अण्णांच्या घरातला पंखा

समोरचे अण्णा गेले ती वैशाखातली पहाट होती. साडेचारच्या सुमाराला काकूंचा आवाज आला आणि आळीतले दिवे एकामागून एक लागले. उजाडल्यावर मी मोठा थर्मास भरून चहा केला, कप घेतले आणि समोर गेले. अण्णांना सोप्यात खाली घेतलं होतं. अंगावर पांढरी चादर, उशाशी दिवा, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि वर पंखा गरगरत होता. अण्णांच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्या पंख्याकडे गेली, मग त्यांच्या पापण्यांकडे. उजवी पापणी पुरती मिटली नव्हती, खाली नखाएवढी फट राहिली होती. ती मिटायला हवी, वर ओल्या कापसाची घडी ठेवायला हवी, डोक्याखाली उशी सरकवायला हवी आणि पंखा आधी बंद करायला हवा, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. वाऱ्याने बुबुळ सुकतं. नेत्रपेढीची माणसं सहा तासांच्या आत यावी लागतात, हेही मला माहीत होतं. भिंतीवर अण्णांना एसटीतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ होतं. साडेचार आणि सहा, साडेदहा. मी चहा ओतता ओतता तेवढाच हिशोब करत होते.

कप वाटून झाल्यावर मी उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पाती हळूहळू थांबली, समईची ज्योत सरळ झाली. पाच मिनिटंही गेली नसतील, तोवर अण्णांचा पुतण्या आत आला आणि म्हणाला, "पंखा कुणी बंद केला? माणसं उकडून निघाली." त्याने बटण दाबलं. पंखा पुन्हा फिरायला लागला आणि मी गप्प बसले. "काकू, अण्णांचे डोळे देऊ या का?" एवढंच वाक्य होतं. माझ्या तोंडाशी ते आठवर, नवावर, साडेनवावर येत राहिलं. काकूंचा हात माझ्या हातात होता. मुलं मुंबईहून निघाली होती, ती अकराला पोचणार होती, तोवर कुठे जायची घाई नव्हती. विचारायला वेळच वेळ होता.

साडेदहाचे टोले पडले. मी रिकामा थर्मास उचलून घरी आले.

घरी हे ओसरीवर बसले होते. समोर काय चाललंय ते कानाने टिपत. उजव्या डोळ्यावर पांढरं फूल, डावा डोळा लहानपणापासूनच मंद. त्यांना बघितलं आणि मी का बोलले नाही ते मला लख्ख कळलं. माझ्या घरात गरज होती म्हणून मी बोलले नाही. मी डोळे मागितले असते तर बसलेल्या प्रत्येक बाईने मनात म्हटलं असतं की हिला नवऱ्यासाठी हवेत. खरं तर अण्णांचे डोळे ह्यांना मिळालेच असते असं नाही. यादीत ज्याचा नंबर असेल त्याला ते बुबुळ जातं, मग तो कुठल्या का गावचा असेना. पण हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ज्यांच्या एका नजरेवर पन्नास माणसं घाटात निर्धास्त झोपायची, त्या माणसाचे डोळे त्या दिवशी दुपारी त्यांच्यासोबत गेले. मी स्मशानाच्या वाटेला लागलेली गर्दी खिडकीतून बघत होते आणि शिवणाच्या मशीनवर हात ठेवून तशीच बसून होते. पोटात काहीतरी आवळल्यासारखं झालं होतं. ते पुढे वर्षभर सुटलं नाही.

ह्यांचा डोळा गेला तो त्याच्या आदल्या दिवाळीनंतर. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, पण सुट्टी लागली की पाय शेताकडे. उसाचा पाला काढताना एक पातं उजव्या डोळ्यावरून सर्रकन गेलं. उसाच्या पात्याची धार ज्याच्या हाताला लागलीय त्यालाच ती कळेल. ह्यांनी पाटाच्या पाण्याने डोळा धुतला, पाला काढून संपवला, आणि संध्याकाळी घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "काहीतरी गेलंय." रात्रभर डोळा गळत होता. सकाळी मेडिकलच्या दुकानातून ड्रॉपची बाटली आणली. दोन दिवसांत लाली उतरली, ठणका कमी झाला, आणि आम्ही निवांत झालो. त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. जखमेतून बुरशी आत शिरली होती, आणि तिच्याशी लढणारी शरीराची फौज आम्हीच चार चार थेंबांनी झोपवत होतो. आठव्या दिवशी बुबुळावर राखाडी ठिपका दिसला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बधिर करणारा थेंब टाकून तो ठिपका पात्याने खरवडला, काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पडद्यावर मला दाखवलं. बॉबिनमधून सुटलेल्या दोऱ्याचा गुंता असावा तसे बारीक तंतू होते. मी जन्मभर दोरा हाताळलेली बाई. त्या दोऱ्याची मला शिसारी आली.

मग नाटामायसिन, बुरशीवरचे थेंब. दर तासाला, दिवसा आणि रात्रीही. ताकासारखं पांढरं औषध, पापणीच्या कडेला त्याचा थर साचायचा, तो कापसाने पुसायचा, पुन्हा तास भरायचा. दीड महिन्याने जखम भरली. सासूबाई ह्यांच्या डोळ्यात बघून हलकेच म्हणाल्या, "फूल पडलं रे." जाईची पाकळी चिकटल्यासारखं ते खरंच दिसायचं. त्यामागे बाहुली कुठे आहे ते कळत नव्हतं. ह्यांना उजव्या डोळ्याने समोर हात हलवलेला कळायचा, बोटं किती ते नाही. डाव्याने पाटीवरची मोठी अक्षरं दिसायची, वहीतली नाहीत.

तरी ते शाळेत जात राहिले. वह्या कशा तपासता म्हणून विचारलं तर "चाललंय" म्हणायचे. एकदा ब्लाऊज टाकायला आलेली एक आई मला कौतुकाने सांगायला लागली, "सर हल्ली पोरांकडूनच वह्या मोठ्याने वाचून घेतात. पोरांचं वाचन सुधारलं बघा." मी माप घेत होते. टेप हातात तसाच राहिला. ह्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. घरातही ते भिंतीच्या कडेने पावलं मोजत न्हाणीघरात जायचे, पण हाक मारायचे नाहीत. रात्री तहान लागली तर तांब्या शोधताना भांडं पडायचं, त्या आवाजाने मी उठायचे, आणि तेच मला म्हणायचे, "झोप तू." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडून कधी "जरा देतेस का" ऐकलं नाही. पूर्वी मला त्याचं कौतुक वाटायचं. त्या वर्षी राग यायला लागला.

पुण्यातल्या रुग्णालयात नाव नोंदवलं ते गुढीपाडव्यानंतर. तिथल्या समुपदेशक बाईंनी समोर बसवून सगळं समजावलं. देणाऱ्याच्या वयाचं बंधन नाही. चष्मा चालतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं चालतं, मधुमेह चालतो, रक्तदाब चालतो. रेबीज, एड्स, कावीळ, रक्तात पसरलेला संसर्ग, रक्ताचा कॅन्सर असेल तर नाही. एका माणसाचे दोन डोळे दोघांना जातात. अख्खा डोळा बसवत नाहीत, फक्त समोरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, आपण बुबुळ म्हणतो ते. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही. आम्ही दोघांनी तिथेच आपापले फॉर्म भरले. मी सही करून मोकळी झाले, तर बाई म्हणाल्या, "फॉर्मवर काही होत नाही हो. त्या वेळी घरातल्या कुणीतरी बोलावं लागतं. नाहीतर आजूबाजूच्या कुणीतरी विचारावं लागतं." मी मान डोलावली होती. महिनाभरात अण्णा गेले.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते लिहिताना आजही हात अडखळतो. फोन सतत चार्ज. मशीनच्या आवाजात रिंग ऐकू येणार नाही म्हणून तो टेबलावर कापडाच्या घडीवर ठेवलेला. पेपर आला की माझा हात आधी निधनवार्तांकडे जायला लागला. एक दिवस मी स्वतःला वय वाचताना पकडलं. बेचाळीस. अरेरे म्हणायच्या आधी मनात आलं होतं की बुबुळ चांगलं असेल. पेपर मिटून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. माणसं कुणाच्या वाट बघण्यामुळे जात नाहीत, हे मला कळत होतं. तरीही आपण नक्की कशाची वाट बघतोय, हा प्रश्न भाजी चिरताना, काजं करताना, झोपताना डोक्यात असायचा. ह्यांनी तो एकदाही बोलून दाखवला नाही. मीही नाही.

फोन आला तो गौरी जेवणाच्या दिवशी, पुरण शिजत असताना. "टिश्यू आलाय. उद्या सकाळी सात वाजता उपाशीपोटी पोचा." मी विचारलं, कुणाचा? पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं की ते सांगता येत नाही. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्या म्हणाल्या, "पेशींची संख्या छान आहे, २,६००." एका चौरस मिलिमीटरमधल्या पेशी. पारपटलाच्या आतल्या अंगाला या पेशींचा एकच थर असतो आणि त्या रात्रंदिवस आतलं पाणी बाहेर उपसत राहतात, म्हणून काच काच राहते. उपसा थांबला की ती दुधाळ होते. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, गेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. कुणीतरी आयुष्यभर सांभाळलेल्या २,६००. त्या एका द्रवाच्या बाटलीत, थंडीत, चार दिवस तग धरणाऱ्या. मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते गौरींच्या आरासीपाशी बसले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. नैवेद्य वाढताना मी एक पान जास्त मांडलं. सासूबाईंनी विचारलं नाही.

ऑपरेशन दीड तास चाललं. भूल फक्त डोळ्याला होती. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने एक गोल काढला. बुबुळ शर्टाच्या गुंडीएवढं असतं, साडेअकरा-बारा मिलिमीटर. त्यातली मधली साधारण आठ मिलिमीटरची खराब चकती कापून काढली, आणि देणाऱ्याच्या बुबुळातून तशीच, किंचित मोठी, चकती कापून तिथे बसवली. भोवती सोळा टाके. नायलॉनचा दोरा, केसाहूनही बारीक. चकतीची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि सुई त्या अर्ध्यातूनही आरपार जाऊ द्यायची नाही. मी कागदाकडे बघत राहिले. गोल गळ्याला पट्टी लावताना जसं असतं तसंच होतं ते. मी म्हटलं, "सगळे टाके सारखे ओढावे लागत असतील. एक जास्त ओढला गेला की गळा वाकडा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही शिवणकाम करता का?" मग त्यांनी अजून पाच मिनिटं दिली. टाका घट्ट झाला की बुबुळाचा गोल तिरका ओढला जातो आणि दिसायला दोन दोन दिसतं, म्हणून पुढे तीन-चार महिन्यांनी मशीनवर बघून घट्ट टाके एकेक करून काढतात. सैल टाका त्याहून वाईट, तो टोचतो आणि घाण धरतो. "काही दुखलं, लाल झालं, उजेड सहन होईना, दिसायला कमी आलं, तर त्याच दिवशी या. उद्या नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. घट्ट आणि सैल याच्या मधलं जे असतं त्याला आमच्यात "बसलेला टाका" म्हणतात. त्या दिवसापासून मी तेवढंच मागत होते.

पट्टी काढली तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. घडलं ते असं, की ह्यांनी समोर बघितलं आणि म्हणाले, "उजेड आहे. पाण्यातून बघितल्यासारखं." बस. मला टॉर्चच्या प्रकाशात त्यांचं बुबुळ दिसलं. फूल नव्हतं. त्या जागी काळीभोर बाहुली होती आणि तिच्याभोवती गोलाकार, चांदणीच्या किरणांसारखे सोळा काळे बारीक टाके. इतकं सुबक हातशिलाईचं काम मी आयुष्यात बघितलेलं नाही.

घरी चार बाटल्या आल्या. ह्यांना अक्षरं दिसत नव्हती आणि रात्री अर्धवट झोपेत मलाही, म्हणून मी प्रत्येक बाटलीच्या मानेला दोरा बांधला. लाल म्हणजे दर दोन तासांनी, निळा म्हणजे दिवसातून चार वेळा, हिरवा दोन वेळा, पांढरा म्हणजे डोळ्याला नुसता ओलावा. लाल दोऱ्याची बाटली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं, न हलवता टाकलं तर वरचं पाणीच जातं. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. हात साबणाने धुवायचे. खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा आणि थेंब त्यात सोडायचा, बाटलीचं टोक कशालाही लागता कामा नये. रात्री भोकाभोकाचं प्लास्टिकचं कवच चिकटपट्टीने लावायचं, झोपेत हात जाऊ नये म्हणून. डोक्यावरून आंघोळ नाही, वाकणं नाही, घागर उचलणं नाही. पहिल्या महिन्यात आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्यांपेक्षा मोबाइलचे गजर जास्त वाजले. गजर झाला की हे खुर्चीत मान मागे टाकून बसायचे. हाक नाही, काही नाही. मी गिऱ्हाइकाशी बोलत असले तर पाच-सात मिनिटं तसेच, आढ्याकडे तोंड करून. एकदा मी उशिरा आले तर त्यांनी स्वतःच बाटली उघडली होती. हात थरथरत होता आणि टोक डोळ्यापासून तांदळाएवढं दूर. मी ओरडले. इतक्या जोरात की सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. हे बाटली खाली ठेवून म्हणाले, "तू कामात होतीस." मला त्या तीन शब्दांचा जितका राग आला तितका वर्षभरात कशाचा आला नव्हता.

संध्याकाळी वाचायला मनाई, टीव्हीचा उजेड नकोसा, म्हणून मी फोनवर शोधून त्यांना वाचून दाखवायचे. एका रात्री मिळालं की माणसाच्या डोळ्यात बुबुळ बसवण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन ७ डिसेंबर १९०५ ला झालं, मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, ओलोमौत्स गावात. डॉक्टर एडुआर्ड झिर्म. रुग्ण अलोइस ग्लोगार नावाचा मजूर, चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला. चुना म्हटल्यावर हे उठून बसले. त्यांच्या वर्गात एका पोराच्या डोळ्यात बापाच्या तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटली होती, तो डोळा कायमचा अधू झाला. मी पुढे वाचलं. बुबुळ मिळालं होतं एका अकरा वर्षांच्या मुलाकडून, कार्ल ब्राउअर. त्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण घुसला होता, डोळा वाचणार नव्हता, तो काढावा लागला. त्याच एका डोळ्यातून दोन चकत्या घेऊन ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांत बसवल्या. एक टिकली. ग्लोगार कामावर परत गेला. मला वाटलं ह्यांना धीर येईल. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अकरा म्हणजे पाचवीतला." ह्यांच्याकडे पाचवीचाच वर्ग आहे. "त्या पोराला कुणी सांगितलं असेल का, की तुझ्या डोळ्याने कुणाला दिसतंय?" मला उत्तर माहीत नव्हतं. कवच लावताना त्यांच्या पापण्या ओल्या होत्या. ते पाणी औषधाचं नव्हतं, कारण थेंब अजून टाकायचे होते.

जानेवारीत दोन घट्ट टाके काढले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवली आणि खालची तिथीही. चतुर्थी. त्या दिवशी मी शिवलेला प्रत्येक ब्लाऊज मापात बसला असेल.

मग फेब्रुवारी. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आलेली, हे सकाळी सातला शाळेत आणि संध्याकाळी पोरं ओसरीवर. मी थेंब टाकताना बघितलं, डोळ्याच्या कोपऱ्यात लाली होती. "धूळ गेली असेल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते अंगणातून येताना हात आडवा धरून आले, उजेड सोसवत नसल्यासारखा. मी दार लावून घेतलं आणि विचारलं. तीन दिवस झाले होते. तीन दिवस टोचत होतं, दोन दिवस धूसर होतं, आणि हा माणूस फळ्यावर अपूर्णांक शिकवत होता. रात्रीच्याच गाडीने आम्ही पुण्याला निघालो. सैल झालेला एक टाका होता. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना तिथे परकं कुणी राहायला आलंय हे सहसा कळतच नाही. सैल टाक्याच्या आधाराने एक बारीक लाल वाहिनी आत सरकली होती आणि शरीराने पाहुण्याला ओळखलं होतं. टाका काढला. शरीराची फौज या वेळी झोपवायचीच होती, म्हणून स्टेरॉइडचे थेंब परत दर तासाला. बुबुळ वाचलं, पण पेशी १,७०० वर आल्या. बाकीच्या परत येणार नाहीत.

परतीच्या गाडीत मी भांडले. शेजारी माणसं होती, तरी भांडले. इतकं झाल्यावरही सांगता येत नाही का? हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सहा महिने तू रात्रीची झोपली नाहीस. आता कुठे झोपायला लागली होतीस. परत कुठल्या तोंडाने सांगू?" मी एकदम थांबले. काकूंचा हात हातात धरून बसलेली मी मला दिसले. घड्याळ दिसलं. मी ह्यांच्यावर जे ओरडत होते ते सगळं आधी मला लागू होतं. आपण जड होऊ, लोक काय समजतील, समोरच्याचं दुःख काय कमी आहे. ह्यांचं आणि माझं कारण एकाच ताग्यातलं निघालं. उरलेल्या वाटेत आम्ही बोललो नाही. साताऱ्याच्या पुढे त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि तो गाव येईपर्यंत काढला नाही.

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. जूनच्या १० तारखेला, नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्रांच्या स्मरणार्थ आपल्याकडे दृष्टिदान दिन असतो, त्या दिवशी आशाताई आळीत पत्रकं वाटून गेल्या. दुपारी काकू माझ्याकडे आल्या. मला वाटलं ब्लाऊज टाकायला. त्यांनी चष्मा लावला, पत्रकाची घडी उघडली आणि बोट ठेवून मला एक ओळ दाखवली. त्या खोलीतला पंखा बंद करावा. "त्या दिवशी पंखा तू बंद केला होतास." काकूंनी बघितलं होतं. अख्ख्या सोप्यात कुणाचं लक्ष नव्हतं असं मी वर्षभर धरून चालले होते.

मी सगळं सांगितलं. पापणीची फट, साडेदहा, तोंडाशी आलेलं वाक्य, आणि ते का गिळलं तेही. काकू ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी पडला, मग ताठ झाला. "विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मी काय म्हटलं असतं मला नाही माहीत. ओरडले असते, घालवूनही दिलं असतं तुला. पण विचारायचं होतंस गं. ह्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत बिनचष्म्याची गाडी चालवली." शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. मी त्यांच्यापाशी जमिनीवर बसले. माफी मागावी असं काही सुचेना, आणि त्यांनाही ती नको असावी. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, पत्रकाची चार पदरी घडी केली आणि कनवटीला खोचली. दारात वळून म्हणाल्या, "माझ्या वेळी गप्प बसू नकोस. पोरं येईपर्यंत थांबू पण नकोस." त्या गेल्यावर मी मशीनवर बसले, पण दोरा सुईत जाईना.

रात्री नऊला गजर झाला. आता दिवसाला एकच थेंब उरलाय, लाल दोऱ्याचा. दोरा विटून गुलाबी झालाय, पण मी तो बदललेला नाही. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते. आतून आवाज आला.

"अगं, येतेस का जरा? आणि येताना पंखा बंद कर. डोळ्यावर वारा येतोय."

फडकं तसंच टाकून मी हात धुतले आणि आत गेले. हे खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. मी बटण बंद केलं, आणि पाती थांबेपर्यंत बाटली हलवत त्यांच्यापाशी उभी राहिले.